नाक्यावरचे एक्याण्णव टक्के

दहावीचा निकाल लागायच्या आधीच माझं अभिनंदन छापून तयार होतं. भिवंडीत तेव्हा फ्लेक्स नवा नवा आला होता आणि जून महिन्यात छपाईवाल्यांकडे मरणाची गर्दी असायची. पुढाऱ्यांचे वाढदिवस, कुणाच्या नव्या गाळ्याचं उद्घाटन, कुणाची कुठल्यातरी कमिटीवर निवड, आणि त्यातच दहावी-बारावीचे निकाल. उशीर केला तर पोरीचं अभिनंदन गणपतीत लागेल, या धास्तीने बाबा मे महिन्यातच जाऊन फ्लेक्स छापून घेऊन आले.

टक्क्यांचं काय, हा प्रश्न छपाईवाल्याने विचारला होता म्हणे. तो जौनपूरकडचा होता आणि असल्या गिऱ्हाइकांची त्याला सवय होती. टक्क्यांची जागा कोरी ठेवू, नंबर मागाहून चिकटवा, असा तोडगा त्यानेच काढला. आकडे तो लाल रेडियममध्ये कापून द्यायचा, गाड्यांच्या नंबरप्लेटवर असायचे तसले. बाबांनी लगेहाथ एक नऊ आणि एक एक कापून घेतला. परत खेप कशाला घाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

फ्लेक्सवर मी काकीच्या मोरपंखी साडीत उभी होते. स्टुडिओवाल्याने मला दोन-तीन इयत्ता गोरी केली होती. डोक्यावर कॉम्प्युटरने काळी चौकोनी टोपी ठेवली होती आणि पाठीमागे परदेशातली कसलीतरी मोठी इमारत होती, समोर हिरवळ वगैरे. खाली गावदेवीचा फोटो, बाबांचा फोटो, बाबांच्या मित्रमंडळाचे फोटो. मधोमध ठळक अक्षरात 'घवघवीत यश' आणि त्यापुढे ती कोरी पांढरी जागा, आणि मग 'टक्के'. तो गुंडाळलेला फ्लेक्स आमच्या कपाटावर पडून होता आणि परीक्षा होऊन गेलेली असूनही मला त्याच्याखाली झोप लागत नसे.

आमचं गाव भिवंडीहून खारबावला जाणाऱ्या रस्त्यावर. भाताच्या खाचरांची गोदामं होऊन गेली होती. पैसा आला, गाड्या आल्या, हळदीला ठाण्याहून डीजे यायला लागला. मार्क तेवढे यायचे राहिले होते. तेही आदल्या वर्षी आले. बाबांच्या चुलतभावाच्या मुलाला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले आणि त्याचा फ्लेक्स नाक्यावर सगळा पावसाळा लटकत राहिला. बाबा येता-जाता तो बघायचे. भावकीत दुसऱ्याची गाडी मोठी निघाली तर आपण त्याहून मोठी घ्यायची, हे बाबांना समजत होतं. मार्कांचंही तसंच असणार, असं त्यांनी धरलं. चौऱ्याऐंशीच्या वर म्हणजे किती, तर एक्याण्णव. हा आकडा त्यांनी कुठून आणला, हे मला आजवर कळलेलं नाही.

पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलता येणार नाही. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीपर्यंत पहिली यायची. वर्गात आम्ही मोजकीच पोरं, त्यातली निम्मी लग्नसराईत गायब, त्यामुळे पहिली येणं काही फार अवघड नव्हतं. पाचवीला मला भिवंडीतल्या मोठ्या शाळेत घातलं आणि तिथे मी सुखाने मधल्या बाकांवर जाऊन बसले. वाईट नव्हते, पण कुणी लक्षात ठेवावं अशीही नव्हते. घरी मात्र मी पहिलीच राहिले. बाबा प्रगतिपुस्तकावर सही करायचे ती सहीची जागा बघून, वरचे आकडे बघून नाही. आणि मीही कधी म्हटलं नाही, की बाबा, पहिली ती चौथीतली होते.

शहरातल्या शाळेत माझी एकच जिवाभावाची मैत्रीण होती. तिच्या वडिलांचे यंत्रमाग होते आणि घर कारखान्याच्या डोक्यावरच. खालून लूमचा खडखडाट सुरू असायचा आणि ती त्यातच मांडी घालून प्रमेयं पाठ करायची. पूर्वपरीक्षेत मी चोपन्नावर आपटले, तेव्हा तिनेच मला ओढून नेलं. तिची अम्मी दोघींच्या मधे चहा आणि नानखटाई ठेवून जायची. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही एकमेकींना कागदावर रेघा मारून समजावायचो. भूमितीची मला लहानपणापासून दहशत होती. ती त्या खोलीत बसून कमी झाली, आणि मला पहिल्यांदा कळलं की एखादी गोष्ट आपल्याला येत नव्हती आणि आता येते, यात केवढी मजा असते. त्यात कुणाच्या पुढे जायचं नव्हतं.

निकाल आम्ही दोघींनी सायबर कॅफेत बघितला. तिला शहाऐंशी. मला एकाहत्तर. मी खुर्चीवरून उडी मारली, अगदी खरोखर उडी. कॅफेवाला हसायला लागला. भूमितीत मला बीजगणितापेक्षा जास्त मार्क होते. मैत्रिणीने माझ्या पाठीत एक सणसणीत धपका घातला आणि आम्ही शेजारच्या गाडीवर फालुदा खाल्ला. तेवढा वेळ मी खूश होते, हे मला नीट आठवतं. मग मी शेअर रिक्षात बसले, आणि पूल मागे पडल्यावर मला कपाटावरचा फ्लेक्स आठवला.

घरी बाबा ओट्यावरच बसले होते. मी सांगितलं, एकाहत्तर. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, जणू माझं अजून काहीतरी सांगायचं राहिलं होतं. मग "बरं," म्हणाले आणि उठून गाडीची चावी घेतली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. आई तेवढ्यात देवापुढे साखर ठेवून आली आणि म्हणाली, उद्याच वज्रेश्वरीला जाऊन ओटी भरायची, पास झालीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी बस धरायला नाक्यावर गेलो, तर फ्लेक्स लागलेला. दोन बांबूंच्या मधे, ताणून बांधलेला. मोरपंखी साडी, काळी टोपी, घवघवीत यश आणि लाल रेडियममध्ये, सकाळच्या उन्हात झगझगणारे, एक्याण्णव टक्के.

आईला अक्षर-ओळख बेताची. तिने फोटो बघितला आणि साडी चांगली दिसते म्हणाली. बसमध्ये सारखं वाटत होतं, की माझ्या कपाळावर कुणीतरी काहीतरी चिकटवलंय आणि ते निघत नाहीये.

मग पुढचे दिवस मी मान खाली घालून नाक्यावरून जायची. टपरीवरचे लोक हाका मारून कौतुक करायचे. शेजारच्या बाया आपल्या पोरांना माझ्याकडे घेऊन यायच्या, हिच्यासारखा अभ्यास कर म्हणायच्या. एकीने तर मी परीक्षेला वापरलेला पॅड मागून नेला, तिच्या मुलाला पुढच्या वर्षी लाभावा म्हणून. मी दिला. तो पॅड देताना मला जी लाज वाटली ती अजूनही तितकीच ताजी आहे. घरात बाबा आणि मी त्या आकड्याविषयी एक शब्द बोललो नाही. जेवताना बाबा माझ्या ताटात मासळीचा चांगला तुकडा वाढायचे आणि दुसरीकडे बघायचे.

एके दिवशी माझी मैत्रीण अम्मीने केलेले मालपुवे घेऊन आली. मी तिला आणायला नाक्यावर गेले नाही, मुद्दामच. पण रिक्षा तिथेच थांबायची. ती घरी आली, डबा ठेवला, पाणी प्यायली, आणि आई आत गेल्यावर हळूच म्हणाली, "अगो, तुला एक्याण्णव कधी भेटले?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की पेपर फेरतपासणीत काही वाढले की काय. मी म्हटलं, बाबांनी लावलंय. मग तिने विषय बदलला, आणि पुढे कधीच, कुणाकडेच, त्यावर बोलली नाही. शहाऐंशीवाल्या मुलीने एक्याण्णववालीची लाज झाकून ठेवली. तिच्यासाठी भिवंडीत कुठेही फ्लेक्स लागला नव्हता आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

जूनच्या अखेरीस गावच्या मंडळाचा गुणगौरव समारंभ आला. गावदेवीच्या देवळासमोर मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शाल, श्रीफळ, आणि सोनेरी पाण्याच्या ट्रॉफ्या, टेबलावर ओळीने. आमच्याकडे पास झालेल्या प्रत्येकाचा सत्कार व्हायचा, पस्तीसवाल्याचासुद्धा, आणि ते मला आजही योग्य वाटतं. फक्त पहिल्या आलेल्याने सत्कारांनंतर माईकवर मनोगत सांगायचं, अशी रीत होती. बाबांनी ते मनोगत गावातल्या एका वकिलाकडून लिहून आणलं होतं. 'माझ्या या उत्तुंग यशाचे श्रेय' अशी त्याची सुरुवात होती. बाबा पहिल्या रांगेत पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसले होते. त्यांच्या शेजारी तो चुलतभाऊ.

आणि व्यासपीठावर आमच्या शाळेच्या गणिताच्या मॅडम होत्या. मंडळाने त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं, बाबांना न विचारता. त्याच मॅडमनी आठवड्यापूर्वी माझ्या हातात गुणपत्रिका दिली होती आणि भूमितीच्या मार्कांवर बोट ठेवून, शाब्बास, असं म्हटलं होतं. भिवंडीहून येताना त्या नाक्यावरूनच आल्या असणार. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तेव्हा त्या खाली झुकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "बाळा, त्या बोर्डावर आकडा चुकून पडलाय का?"

मी म्हटलं, "हो मॅडम."

"मग दुरुस्त करून घ्या," त्या म्हणाल्या आणि सरळ बसल्या.

चुकून, हा शब्द त्यांनी मला देऊन टाकला होता. तो घेऊन मी खाली बसले. माझ्यानंतर मॅडम बोलणार होत्या. सूत्रसंचालक त्यांना माझ्याविषयी दोन शब्द बोलायला सांगणार, हे उघड होतं. तेव्हा त्या काय बोलतील? खरं सांगितलं तर बाबांचं काय होईल? आणि माझ्यासाठी त्यांनी खोटं बोलायचं? ज्या बाईने आम्हाला उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखवल्याशिवाय मार्क दिले नाहीत, तिने? हे काही धैर्य नव्हतं. मला दोन्हीची भीती वाटत होती, आणि एकीकडची भीती जास्त झाली, एवढंच.

सूत्रसंचालकाने माझं नाव घेतलं. गावचं भूषण, कन्यारत्न वगैरे होऊन मग त्याने घसा ताणून एक्याण्णव टक्के म्हटलं आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. बाबाही टाळ्या वाजवत होते. मी माईकसमोर उभी राहिले. मनोगताचा कागद उघडला. उत्तुंगपर्यंत वाचलं आणि तिथे गाडी अडली.

"मला एकाहत्तर टक्के मिळाले आहेत," मी म्हणाले.

माईक जुना होता, शिट्टी मारली त्याने. पुढे काय बोलायचं ते मी ठरवलंच नव्हतं. म्हणून मी कागदाची घडी घातली आणि नमस्कार केला. मग सूत्रसंचालकाने माईक ओढून घेतला आणि म्हणाला, एकाहत्तर, असो, जोरदार टाळ्या. आणि लोकांनी सवयीने पुन्हा टाळ्या वाजवल्या. बाबांच्या चुलतभावाने खाली बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. बाबांचे हात मांडीवर होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, ट्रॉफ्यांच्या टेबलाकडे बघत होते.

खरं बोलल्यावर मोकळं वाटतं, असं शाळेत शिकवलं होतं. मला अजिबात मोकळं वाटलं नाही. खोटं वर लटकत होतं तोवर मी एकटीच लाजत होते. आता बाबाही लाजत होते, आणि ते मी केलं होतं, सगळ्या गावासमोर, माईकवरून. मॅडमनी नंतर भाषणात भूमितीचा विषय काढला, पूर्वपरीक्षेपासून मी किती वर आले ते सांगितलं. मी ऐकत होते, पण माझं लक्ष पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीकडे होतं. बाबा मधेच उठून गेले होते.

घरी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. ती रागावली नव्हती, पण तिला माझं वागणं पटलं नव्हतं.

"माईकवं कशाला सांगाचा होता?" ती म्हणाली. "घरान सांगतीस त्याला."

मी म्हटलं, सांगितलं होतं की, एकाहत्तर.

"निस्ता आकरा सांगलास. मना लाज वाटतं, ह्या सांगलास का?"

आकडाच सांगितला होता, लाज वाटते हे नव्हतं सांगितलं. बाबांना घरात काही सांगता येतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. मी शिकत होते, ते शिकलेले नव्हते, आणि तेवढ्यावरून मी धरून चालले होते की त्यांना समजणार नाही. त्यांनी माझं प्रगतिपुस्तक वाचलं नव्हतं, पण मी तरी कुठे त्यांना कधी वाचून दाखवलं होतं?

"मी तर देवीकरं निस्ता पास मांगलेला," आई भांडी विसळत म्हणाली. "माजा नवस फिटला पन."

त्यानंतर काही दिवस बाबा घरात पाहुण्यासारखे वागले. वेळेवर जेवले, टीव्ही लावला नाही, मित्रमंडळात गेले नाहीत. फ्लेक्स तसाच होता. आता तो उतरवतील, असं मला वाटत होतं, आणि मी वाटही बघत होते. आमच्याकडे उतरवलेला फ्लेक्स वाया जात नाही. लोक त्यावर सुकट वाळत घालतात, सरपणावर टाकतात. माझ्या तोंडावर सुकट वाळत पडलेली मला चालली असती.

मग एका दुपारी मी अकरावीच्या प्रवेशासाठी भिवंडीच्या कॉलेजात जाऊन परत आले. वाणिज्य शाखा मिळाली होती. ठाण्याच्या कॉलेजचं सायन्स, ज्याच्या गोष्टी बाबांनी गावभर केल्या होत्या, ते कधीच माझं नव्हतं. रिक्षा नाक्यावर थांबली आणि मी उतरले, नेहमीसारखी खाली मान घालून. टपरीवर गर्दी होती आणि सगळे एकाच दिशेने बघत होते, म्हणून मीही बघितलं.

बाबा शिडीवर होते. भर दुपारी, सगळ्या नाक्यादेखत, लुंगी खोचून. ते नखाने लाल नऊ खरवडत होते. रेडियम पक्कं बसलं होतं, निघता निघत नव्हतं, आणि निघालं तिथे फ्लेक्सचा रंगही घेऊन निघत होतं. चुलतभाऊ टपरीच्या बाकावर चहाचा ग्लास धरून बसला होता. त्याने काहीतरी म्हटलं आणि दोघे-तिघे हसले. बाबांनी वळून बघितलं नाही.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. आपल्या बापाने आपल्यापायी चारचौघांत असं शिडीवर चढावं आणि लोकांनी चहा पीत बघावं, याची मला इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. मी माईकवर एक वाक्य बोलले होते, घाबरून, आणि लगेच घडी घालून मोकळी झाले होते. हे त्यापेक्षा खूप हळू चाललं होतं आणि सगळ्यांना दिसत होतं.

शिडी हलत होती. खालची जमीन भुसभुशीत होती, तिचा एक पाय रुतत चालला होता. बाबांना मी दिसले.

"धर जरा," ते म्हणाले. "हालतंय."

मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या टाचा होत्या, भेगाळलेल्या, शेती सोडून इतकी वर्षं झाली तरी तशाच. त्यांनी खिशातून नवा आकडा काढला. लाल रंग संपला होता म्हणून छपाईवाल्याने सात पिवळ्या रेडियममध्ये कापून दिला होता. शेजारचा एक लाल तो लालच राहणार होता. बाबांनी मागचा कागद सोलला, तो वाऱ्याने माझ्या डोक्यावर पडला, आणि ते बराच वेळ वर काहीतरी दाबत राहिले.

टपरीवरचं हसणं आता थांबलं होतं, किंवा मला ऐकू येत नव्हतं. मी शिडीकडेच बघत होते. हा फ्लेक्स लागल्यापासून, त्या पहिल्या सकाळनंतर, मी एकदाही मान वर करून त्याकडे बघितलं नव्हतं.

"सरल हाय का बघ," बाबा वरून म्हणाले.

आता बघणं भाग होतं. मी मान वर केली. मोरपंखी साडी, ती खुळी टोपी, परदेशातली इमारत, आणि त्यांच्या हाताखाली, एक पिवळा आणि एक लाल, माझे मार्क.

"नाही बाबा," मी म्हटलं, "सात थोडा तिरका झालाय."

"कुठशी?"

"डावीकडे. खाली झुकलाय."

त्यांनी सात पुन्हा नखाने सोडवायला घेतला, आणि मी शिडी धरून वर बघत उभी राहिले.